वेंकटरावांच्या रेडिओची लाकडी बटणं

भिलाईला जाऊन आलो म्हटल्यावर आमच्या सावंतवाडीत मला दोनच प्रश्न विचारले गेले. लोखंड वितळताना बघितलंस का, आणि तिकडे मासे मिळतात का. लोखंड मी बघितलं नाही. पास नसेल तर प्लांटच्या फाटकाआत सोडत नाहीत. मासे मिळतात, पण तळ्यातले, आणि त्यांना चिखलाचा वास येतो. मी गेलो होतो लाकडाच्या कामाला, आणि ते लाकूड असं की एका मुठीत दोन तुकडे मावावेत. हे तोंडी सांगायला लागलो की लोक मध्येच हसतात. म्हणून लिहून काढतो आहे.

सहावीतून माझी शाळा सुटली. त्यानंतर वडिलांच्या खरादावर भोवरे, बाहुल्या, बुद्धिबळाची प्यादी कातायला शिकलो. पुढे खेळणी प्लॅस्टिकची झाली आणि मी एका ओळखीवर नागपूरला सीताबर्डीच्या एका दुकानात लागलो. तिथे जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त होतात. आतलं सगळं मालक बघतात. बाहेरची लाकडी पेटी आणि बटणं माझ्याकडे. कुठलं बटण कंपनीतून आलेलं आणि कुठलं मागाहून कुणी बसवलेलं, हे ओळखायचं. मूळचं असेल ते शक्य तितकं मूळचं राहील असं नीट करायचं. टीव्ही घरोघरी आल्यावर हे काम संपेल म्हणून मी रोज धास्तावलेला असे. उलट झालं. लोक माळ्यावरचे रेडिओ खाली काढू लागले.

भिलाईचे दामोदर लांजेवार एका लग्नाला नागपूरला आले असताना आमच्या दुकानात आले. रेडिओ चालू आहे म्हणाले, बटणांची ओळख पटवायची आहे, आणि रेडिओ घराबाहेर काढता येत नाही कारण तो त्यांचा नाही. मालकांनी मला पाठवलं. निघताना एवढंच म्हणाले, "पटली तर पटली म्हण. नाही पटली तर नाही म्हण. अंदाज ठोकू नको."

गाडीत ते वाक्य मी डोंगरगड येईपर्यंत चघळत होतो.

सेक्टरमध्ये

मार्च संपत आला होता. दुर्गपर्यंत दोन्ही बाजूंना पळस पेटल्यासारखा लाल. आमच्याकडे या दिवसांत काजूचा वास सुटतो. इथे वास होता मोहाचा, गोड आणि थोडा आंबूस. दुर्गहून टेम्पोनं सेक्टरमध्ये आलो.

भिलाईची क्वार्टरं तुम्ही पाहिली नसतील तर सांगतो. सरळ रस्ते, रस्त्यांना नावं नाहीत, नंबर, घरांनाही नंबर. भिंती, खिडक्या, फाटकं सगळी एकसारखी. चिठ्ठीवरचा रस्ता सापडला, घर सापडलं, दार उघडं होतं. एका बाईंनी बसायला सांगितलं, पाणी आणलं, मग मुरमुऱ्यांची वाटी आणली. मी म्हटलं, काका येतीलच. त्या म्हणाल्या, "हाँ, आ जाएँगे, ड्यूटी से." लांजेवार तर रिटायर झालेले. तरी मी मुरमुरे खात बसलो, कारण दिलेलं टाकून उठायचं कसं. शेवटी त्यांचे यजमान आले, ओडिशाचे होते, त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "नंबर यही है, रोड भी यही है. सेक्टर दूसरा है." त्यांनीच मला सायकलच्या मागे बसवून दुसऱ्या सेक्टरला सोडलं. सारखं दिसतं त्यात खरं कुठलं ते ओळखायला आलेला माणूस, आणि सुरुवात अशी. माझा धीर खचला.

लांजेवारकाका ओट्यावर वाट बघत होते. उंच, वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. भंडाऱ्याकडचे शेतकरी घरातले. प्लांट उभा राहत होता तेव्हा आले ते इथलेच झाले.

"कावून एवढा उशीर? गाडी तं कवाचीच आली."

मी घडलं ते सांगितलं. आतून काकू म्हणाल्या, "जेवला नाही ना तेथं? मंग काही बिघडलं नाही. बस बाप्पा."

डब्यातली सात

रेडिओ बैठकीत उंच फळीवर होता, वर विणलेलं झाकण. जर्मन बनावटीचा, पुढे जाळीचं कापड, खाली ओळीनं बटणं बसवायचे चार लोखंडी दांडे. दांडे उघडे होते. काकूंनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे पालथा केला. सात बटणं घरंगळली. सातही तपकिरी, सातही सारख्या खाचांची.

"याच्यातले चार त्याचे होयत," काका म्हणाले. "तीन माहे. आता कोनते कोनाचे, मलेच समजून नाही राहिलं."

'तो' म्हणजे वेंकटराव, शेजारच्या क्वार्टरमधले क्रेन ऑपरेटर, विजयनगरमकडचे. वडील आजारी पडले म्हणून नोकरी सोडून गावी गेले. गावात तेव्हा वीज नव्हती, म्हणून रेडिओ लांजेवारांकडे ठेवला. वीज आली की नेईन, तोवर जसा आहे तसा ठेव, म्हणाले. काकांनी हो म्हटलं. वीज यायला अर्धं आयुष्य गेलं. आता वेंकटराव खास रेडिओ न्यायला भिलाईला येत होते, आणि रविवारी घरी येणार होते.

मधल्या काळात झालं ते असं. एका उन्हाळ्यात एक बटण उभं तडकलं. काकांनी ते सरसानं जोडलं, पण भरवसा वाटेना, म्हणून तशीच तीन नवी कातली. एक बसवायला, दोन पुढे लागतील म्हणून. मग घराला चुना मारताना सगळी काढून डब्यात टाकली. पोरांनी भोवरे म्हणून फिरवली. दिवाळीला काकांनी सातहीचा जुना रंग खरवडून एकाच हातानं नवा दिला, शोभून दिसावीत म्हणून. त्यात जुनं-नवं सगळं एक झालं.

"ह्या मानसानं एकदा काम केलं का देवाले बी ओळखू येत नाही," काकू म्हणाल्या. "मी तं म्हंते कोनतेही चार लावा अन् देऊन द्या. तो का भिंग लावून पाहनार हाय?"

"तो नाही पाहनार. म्हनूनच."

एवढ्या वेळात मला कळलं की मी चुकलो तर चूक माझी राहणार नाही, या माणसाच्या शब्दाची होईल.

पहिल्या दिवशी मी लाकडावरून ओळखायला गेलो. एरवी ते सोपं असतं. परदेशी बटण फिकट, दाट लाकडाचं आणि आपलं सागाचं नाहीतर शिसवीचं. मी प्रत्येकाचं मागचं तोंड हळूच खरवडलं. सातही फिकट. सातही दाट.

"रशियन पेटीचं लाकूड हाय माहं," काका म्हणाले, जरा अपराध्यासारखे. प्लांटची यंत्रं रशियातून ज्या पेट्यांत आली त्यांची लाकडं भिलाईत अनेकांच्या घरी आहेत; कुणाची फळी, कुणाचा देव्हारा. काकांनी त्यातलाच एक चांगला ठोकळा जपून ठेवला होता, कारण वेंकटरावांच्या बटणाचं लाकूड तसंच दिसत होतं.

उतईचा बाजार

रंग उतरवायला स्पिरिट घरात होतं, पण पुन्हा चढवायला चपडा लाख हवी होती. काका म्हणाले, उतईच्या बाजारात मिळेल, चल. सकाळी काकूंनी बासी वाढली: रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, मीठ, कांदा, बाजूला चटणी. शेजारच्या छत्तीसगढी बाईकडून ही सवय लागली म्हणाल्या. आमच्या पेजेची ती थंड बहीण. पहिल्या घोटाला मला घरच्या पडवीची एवढी आठवण आली की मान वर करता येईना. काकूंनी काही विचारलं नाही, भात मात्र आणखी टाकला.

दोन सायकलींवर निघालो. सेक्टर संपले की एकदम शेतं. धान कधीच कापलेलं, बांधांवर बाभळी, प्रत्येक गावाला तळं आणि तळ्यावर आंघोळीची गर्दी. मागे वळून बघावं तर प्लांटच्या चिमण्या होत्या तिथेच, कितीही लांब गेलं तरी.

वाटेत काकांनी त्यांचं काम समजावून सांगितलं. प्लांटमध्ये एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करतात. त्याच्याभोवती वाळू ठासून साचा घेतात. लाकडाचा हा नमुना करणारे ते पॅटर्नमेकर.

"हुबेहूब नाही म्हना," त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केलं. "थोडा मोठा. लोखंड थंड झालं का आकसते. म्हनून आमची पट्टीच अलग रायते. तिच्यावरचा एक इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा लांब. दिसाले सारखी, पन लांब."

"मग गोंधळ होत नाही?"

"खून असते तिच्यावर. अन् हाताले सवय असते," ते म्हणाले. आवाजात अभिमान होता, थोडासाच.

बाजारात लाख मिळाली, पातळ पापुद्र्यांची, मधाच्या रंगाची. विकणारी म्हातारी म्हणाली, कुसुमच्या झाडाची आहे, चांगली आहे. आमच्या घरी खेळण्यांवर चढवायची लाख अशाच मुलखातून येते असं वडील सांगत. ती जिथे निघते त्या गावची धूळ माझ्या चपलेला लागली होती. मला उगीच बरं वाटलं, जणू कुणी ओळखीचं भेटलं.

पट्टी

शनिवारी मी स्पिरिटच्या बोळ्यानं सातही बटणं स्वच्छ केली. खालून काहीच हाती लागलं नाही. काकांनी जुना रंग इतका निगुतीनं काढला होता की कंपनीचा एक ठिपका उरला नव्हता. एका बटणावर मात्र केसाएवढी उभी रेघ दिसली. तडा गेलेलं हेच. म्हणजे एक मूळचं निश्चित झालं, राहिली सहा. दुपार झाली. रविवार उद्यावर आलेला. नाही पटली म्हण, असं मालकांनी सांगितलं होतं, आणि ते वाक्य मी मनात जुळवायलाही लागलो होतो.

शेवटचं म्हणून सगळी ओळीनं मांडली आणि कॅलिपर लावला. काकांना वाटलं होतं मापात फरक निघणारच नाही, म्हणून तोवर कुणी मोजलंच नव्हतं. तडकलेलं आणि आणखी तीन अगदी एका मापाची निघाली. उरलेली तीन त्यांच्याहून मोठी, दोन-तीन कागदांच्या जाडीएवढी. रुंदीला जशी मोठी, तशीच त्या हिशेबानं उंचीलाही. मी पुन्हा मोजलं. हात चुकला तर तीनदा तीन तऱ्हांनी चुकतो. इथे तिन्ही सारखीच चुकली होती.

"काका, कातताना माप कुठल्या पट्टीनं धरलंत?"

"माप तं सुमीनं काढून देल्लं होतं," काका म्हणाले. सुमी त्यांची मुलगी, आता सासरी. "तिच्या शाळेच्या पट्टीनं. कागद घेऊन मी ड्युटीवरून तसाच दुर्गले गेलो, खरादीकडं. तेथं माही पट्टी होती झोऱ्यात."

"ती बघू?"

पोलादी पट्टी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. दरवर्षी विश्वकर्मापूजेला आणि दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहत. तेलात भिजून त्याचा जाड थर भोकाकडच्या टोकावर चढला होता. मी माझी पट्टी तिच्याशेजारी ठेवली. सुरुवातीच्या रेघा जुळल्या. पुढे पुढे सरकत गेल्या. शेवटाला त्यांची पट्टी चांगली दीड-दोन रेघ पुढे गेलेली.

काका किती तरी वेळ वाकून बघत राहिले.

"ही साधी पट्टी होय," ते म्हणाले. "घरी दोन होत्या माह्या. एक साधी, एक आकसाची. एक हरपली. हरपली ते आकसाची." मग माझ्याकडे हात केला. "बोळा दे."

"अहो, पूजेचं हाय ते," काकू म्हणाल्या.

"माईत हाय."

त्यांनी टोक स्वतः पुसलं. थर निघायला वेळ लागला. आधी लाल, मग पिवळा, मग काळा. खाली पोलादात ठोकलेली खूण होती, नवी असावी तशी. मला ती वाचता आली नाही. काकांना वाचायची गरज नव्हती.

काकूंनी मान वर करून भिंतीवरच्या तसबिरींकडे बघितलं. चौकटी काकांच्या हातच्या, आणि प्रत्येकीत काच हलू नये म्हणून कागदाच्या घड्या खोचलेल्या. "म्हंजे तो काचवाला बरोबर होता," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "किती भांडले जी तुमी त्याच्यासंगं. दरवेळी काच लहान कापते म्हने. चोर म्हंतलं होतं त्याले, भर बाजारात."

काका हसले नाहीत.

"मेला तो," ते म्हणाले. "आता कोनाले सांगाव."

काकूंचं हसू थांबलं. काकांनी पट्टी पुन्हा खिळ्याला लावली नाही. कपाटात आडवी ठेवली. मग माझ्यासमोर बसले आणि चार बटणं एकेक करून हातात घेतली, प्रत्येकाला अंगठा लावून. "म्हंजे हे त्याचे. पक्कं?"

"पक्कं," मी म्हटलं. आयुष्यात हा शब्द मी फार थोड्या वेळा एवढ्या ठामपणे उच्चारला असेन.

संध्याकाळभर चारही बटणांवर लाखेचे पातळ हात दिले. कडांच्या खाचा लाखेनं भरू दिल्या नाहीत, घासल्याही नाहीत. तडा सरसानं घट्ट केला. काका शेजारी बसून फक्त बघत होते. प्लांटवरचं आभाळ एकदम तांबडं झालं आणि हळूहळू विझलं. लोखंडावरची गरम मळी ओततात तेव्हा तसं होतं, असं काकूंनी सांगितलं. इथलं कुणी मान वळवून बघत नाही.

रविवार

वेंकटराव रिक्षानं आले. काळे, बुटके, बगलेत छत्री, एका पायानं लंगडत. दारातच उभे राहून म्हणाले, "लांजेवार, तू तो बुड्ढा हो गया रे."

"और तू दूल्हा दिख रहा है," काका म्हणाले. मग दोघं बराच वेळ एकमेकांचे खांदे धरून उभे. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि चहा ठेवायला गेल्या.

काकांनी त्यांना बसूही दिलं नाही. रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो; तेवढ्यात त्यांनी सगळं सांगून टाकलं. तडा, तीन नवी बटणं, डबा, पट्टी. हिंदी अडली तिथे मराठी आली. "ये चार तेरे हैं. एक फूटा था, जोड़ा हुआ है. ये तीन मेरे. तेरे में मेरा कुछ नहीं मिलाया. जैसा था वैसा ले जा."

रायपूर केंद्र लागलं. कुणी तरी शेतीवर बोलत होतं. वेंकटरावांनी एकही बटण फिरवलं नाही.

"सब बराबर करके दे रहा है," ते म्हणाले.

"देना ही है."

"फिर मैं किस काम से आऊँगा इधर?"

"काम लगता है क्या आने को?"

"मेरे को लगता है. लड़का बोला, रेडियो लाना है तो जाओ, एक बार. खाली मिलने को इतना दूर कौन भेजता है, ये टाँग लेके?" त्यांनी टेबलावरचं काकांचं एक बटण उचललं, निरखलं आणि माझ्याकडे वळले. "बाबू, एक मेरा निकाल. ये लगा."

"नाही," काका मराठीतच म्हणाले. "मी शब्द देल्ला होता."

"शब्द मेरे को दिया था ना? तो मैं बोलता हूँ. एक तेरे पास रहेगा. बाद में ले जाऊँगा."

काकांनी माझ्याकडे बघितलं, जणू हे ठरवायला मी नागपूरहून आलो होतो. दोन दिवस राबून मी जी चार एकत्र आणली होती ती मोडायची होती. मी पेचकस हातात घेतला नाही. वेंकटराव बटण पुढे धरून बसले होते आणि दुसऱ्या हातानं लंगडा पाय चोळत होते. काकांनाही ते दिसलं असावं.

"तडकलेलं काढ," काका शेवटी म्हणाले. "साबूत तीन जाऊ दे त्याच्यासंगं."

मी स्क्रू सैल केला, तडकलेलं बटण काढून काकांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांचं मोठं बटण दांड्यावर चढवलं. भोकही त्याच हिशेबानं मोठं होतं. कागदाची बारीक पट्टी आत घालून स्क्रू आवळला. इतर तिन्हींच्या ओळीत ते जरासं फुगीर दिसत होतं. कानशीनं उतरवून देऊ का, विचारलं. दोघंही एकदम नको म्हणाले.

चहा झाला, पोहे झाले. रिक्षात रेडिओ दोन उशांच्या मध्ये बसवला आणि वेंकटराव त्याला कवेत घेऊन बसले. वळणावर रिक्षा दिसेनाशी झाली तरी काका फाटकाशीच उभे होते, मूठ मिटलेली.

"आता हे जपाव लागन," ते म्हणाले.

"तुमालेबी," काकू म्हणाल्या.

काका घरात गेले आणि बटण गुंडाळायला कापूस शोधू लागले.